मुहूर्ताचं घड्याळ

आमच्या गावात कोणालाही विचारा, तो हेच सांगेल की सदाशिवराव आबाजींच्या घड्याळानं बबिताकाकूचा नवरा खाल्ला.

सांगायची तऱ्हा मात्र ज्याची त्याची. डोंगरसिंग हॉटेलवाला चहा या गिलासातून त्या गिलासात ओतत सांगतो, एका धारेला एक शब्द: "घडी... मांगं. मुहूर्त... गेला. नवरा... खतम. साखर कमी पाह्यजे का जास्त?" माझी आई आवाज इतका खाली आणते की शेजारची तीन घरं कामं टाकून कान देतात: "आपल्याले काय कराचं बाई कोनाचं. पन त्या मान्साचं घड्याळ पनवती हाय." आणि कपिल, जो पोलीस भरतीसाठी पहाटे पळतो आणि उरलेला दिवस पारावर बसून त्याचा थकवा काढतो, तो टीव्हीवरच्या बातम्यांसारखा सांगतो: "बाभुळगाव तालुक्यात खळबळ! घड्याळानं घेतला जावयाचा बळी!"

मी तिघांचीही नक्कल करते. डोंगरसिंगची तर त्याच्यासमोरच करते, तो खूश होऊन चहा पाजतो. पण हे तिघं जे सांगतात ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे असं मला खुद्द बबिताकाकूनं सांगितलं.

बबिताकाकूची पिठाची चक्की आहे. चक्कीच्या घरघरीवर ओरडून बोलायची तिला इतकी सवय झाली आहे की लाइन जाऊन चक्की बंद पडली तरी ती त्याच पट्टीत बोलते. म्हणजे तिनं मला जे सांगितलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं असणार. तरी गल्ली आपलंच धरून बसली.

"घड्याळानं नाही मेला थो! दारूनं मेला! दुपारपासून प्याचा! मुहूर्तानं मानसं मरत असते तं अर्धा तालुका मसनात असता!"

आता हे घड्याळ म्हणजे काय, ते सांगते.

फार पूर्वी आमच्या गावात लग्नाचा मुहूर्त पाण्यावर पाहायचे. घंगाळात पाणी, पाण्यावर तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. एका लग्नात म्हणे वाटी बुडेचना. लग्न लावणारे महाराज वाटीकडं पाहताहेत, वऱ्हाडी महाराजांकडं, आणि नवरदेव बुंदीच्या वासाकडं. कोणीतरी आधीच भिरकावलेल्या अक्षतांतला एक तांदूळ वाटीत पडला होता आणि नेमका भोकात जाऊन बसला होता. त्या लग्नाला आबाजींचे वडील होते. ते धामणगावकडं कापसाच्या एका जिनिंगात कामाला. तिथला मॅनेजर नोकरी सोडून जाताना त्यांना आपलं साखळीचं घड्याळ देऊन गेला होता. त्यांनी कोटाच्या खिशातून ते काढलं, झाकण उघडलं आणि म्हणाले, "महाराज, तुमची वाटी नाही बुडत, पन मुहूर्त जाऊन राह्यला."

त्या दिवशी वाटी माळ्यावर गेली आणि घड्याळ मांडवात आलं. वडील गेल्यावर तो मान आबाजींकडं आला. अंतरपाटाच्या उजव्या अंगाला उभं राहायचं. डाव्या तळहातावर घड्याळ, उजवा हात वर. हात वर आहे तोवर महाराज मंगलाष्टकं ओढत न्यायचे. हात खाली आला की अक्षता पडायच्या आणि वाजंत्री सुटायची. सगळा गाव मुठीत तांदूळ धरून एका माणसाच्या हाताकडं बघत उभा. अशी सत्ता सरपंचालाही मिळत नाही.

मनगटी घड्याळं लोकांकडं आली तरी हा मान टिकला, आणि का टिकला ते मला आबाजींना पाहून कळलं. मनगट बघणारा माणूस खाज सुटल्यासारखा बघतो, कोणाच्या ध्यानातही येत नाही. खिशातलं घड्याळ बघणं हा कार्यक्रम असतो. साखळी ओढायची, घड्याळ बाहेर, नखानं झाकण उघडायचं, तोवर समोरचे आपोआप गप्प. मग बघायचं, घाई न करता. मग झाकण लावायचं: टप्प. हे टप्प म्हणजे आबाजींची अर्धी भाषा आहे. तुमचं बोलणं पटलं नाही तर ते तुम्हाला नाही म्हणत नाहीत. घड्याळ काढतात, बघतात, टप्प. तुम्ही वाक्याच्या मधोमध उभे.

तर बबिताकाकूच्या लग्नात काय झालं. वरात महागावकडून यायची होती. वाटेत ट्रक बंद पडला, आणि बंद ट्रकासमोरही मंडळी बँड लावून नाचली. मांडवात पोचेपर्यंत मुहूर्त केव्हाच टळला होता. नवरदेवाचा मोठा काका सगळ्यांत आधी उतरला आणि त्यानं सगळ्यांत आधी विचारलं, "मुहूर्त हाय का गेला? गेला असन तं आमी वापस जातो. आमच्या घरात टळल्या मुहूर्तावर कोनी उभं राह्यलं नाही." उशीर केला त्यांनी, पण वरपक्षाला उशीर होत नसतो, मुलीकडच्यांचा मुहूर्तच लवकर निघून जातो.

बबिताकाकूच्या वडिलांनी आबाजींना मांडवामागं चुलींच्या धुरात नेलं आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. आबाजींनी घड्याळाची घुंडी ओढली, काटे मागं फिरवले, समोर आले आणि काकाच्या नाकासमोर घड्याळ धरलं. "हाय अजून टाइम. उभे करा पोरापोरीले."

अक्षता पडल्या. पंगती उठल्या. मग वरातीतल्या कोण्या मनगटी घड्याळवाल्याला जेवल्यावर अक्कल आली. "अहो सदाशिवराव, तुमचं घड्याळ तं किती मांगं हाय!" सगळा मांडव वळला. काकाही वळला. बबिताकाकूचे वडील हातात पानाचं ताट घेऊन तसेच उभे. आबाजी म्हणाले, "हो काय? सकाळी चावी द्याची राह्यली असन."

जो माणूस स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही आधी घड्याळाला चावी देऊन मग घोड्यावर बसला, तो हे म्हणाला.

पुढं काकूचा नवरा पिऊन पिऊन गेला. नवऱ्याचा तोच काका अंत्यविधीला आला आणि चितेसमोर बोलून गेला की मुहूर्तच फसवा होता. बस, तेवढं पुरलं. काकूचे वडील हयात होते, बोलू शकले असते. बोलले नाहीत. मरताना पोरीला बोलले. काकू हे सांगते तेव्हाच तिचा आवाज चक्कीच्या खाली येतो: "बाप जिता होता तवा काहून नाही बोलला, हे मले त्याले इचारताच नाही आलं बाई."

मी आबाजींना विचारलं होतं. आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून, मी येता-जाता त्यांच्या ओट्यावर टेकते. "आबाजी, तुमी सांगून काहून नाही टाकत लोकांले?"

"काय सांगू? घड्याळ खरं होतं, मी खोटा होतो, हे?"

टप्प.

त्यानंतर त्यांना कोणी लग्नात उभं केलं नाही. पत्रिका येते, "सहकुटुंब" येते, पण मांडवात ते दिसले की बायका पोरींना दुसरीकडं वळवतात. आता तर मोबाइल आहेत आणि मुहूर्ताकडं तसंही कोणी बघत नाही; तरी पनवती म्हणायला घड्याळ लागतंच. आबाजी रोज सकाळी ओट्यावर बसून चावी देतात आणि चावी देताना सगळ्यांचा हिशोब करतात. कपिल पळताना दिसला की, "पळ. टाइम पुढं गेला, तू मांगं राह्यला." माझ्या हातात मोबाइल दिसला की, "थो टाइम तुहा नाही पोट्टे, टावरचा हाय. टावर गेला का तू आंधळी." त्यांचा मुलगा अमर, म्हणजे अमरकाका, बाभुळगावात कृषी केंद्र चालवतो. त्याच्याबद्दल: "माह्या पोराच्या दुकानात किड्याचं औषध भेटते, मान्साचं नाही भेटत." गोड माणूस नाही हो. मी त्यांच्याकडं जायची ती काही मायेनं नाही, असलं बोलणं दुसरीकडं ऐकायला मिळत नाही म्हणून.

मग यंदा अमरकाकाच्या मुलीचं, अर्पिताताईचं लग्न ठरलं. ताई नागपूरला नोकरी करते. तिनं फोनवर सगळ्यांसमोर सांगितलं, स्पीकर चालू होता: "आबाजी, माझ्या लग्नात तुमचाच हात. तुमचा हात पडल्याशिवाय अक्षता नाही. प्रॉमिस."

त्या दिवसापासून म्हातारा बदलला. साखळी राखेनं घासली. बाभुळगावला जाऊन अय्यूब टेलरकडं नवा कोट टाकला आणि आतून घड्याळाचा खिसा लावायला सांगितला. अय्यूबचाचा टेपला गाठ मारत बोलतात, गाठ सुटली की वाक्यही सुटतं: "सदाशिवभाऊ, इत्ता छोटा जेब? इसमें क्या रखोगे, तंबाकू का खर्रा? शादी के कोट में खर्रा... अंदर का जेब अलग रहता भाऊ." आबाजींनी त्यांना घड्याळ काढून दाखवलं. चाचांनी हात पुसून ते घेतलं, कानाला लावलं आणि खिशाचं माप घ्यायला लागले.

मला दिसत होतं की या माणसाला आयुष्यात आता एकच गोष्ट पाहिजे. एकदा, नुसतं एकदा, साऱ्या गावासमोर लोकांनी त्यांच्या हाताची वाट पाहावी. म्हणजे काही न सांगता सगळं सांगून झालं असतं.

अमरकाकाला ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं म्हणूनच तो घाबरला. हळदीच्या दिवशी तो ओट्यावर आला. अमरकाका बापाशी बोलताना गिऱ्हाइकाशी बोलतो तसा खिशात हात घालून बोलतो. "बाबा, उद्या घड्याळ घरीच ठेवा ना. नवरदेवाकडच्यांच्या कानावर गेलं तं?"

"काय जाईन कानावर?"

"तुमाले माहीत हाय."

"मले माहीत हाय. तुले नाही."

"खरं-खोटं जाऊ द्या. लोकं बोलतात का नाही?"

आबाजींनी घड्याळ काढलं, पाहिलं. टप्प. अमरकाका खिशातले हात काढून निघून गेला.

मला राग आला. मी म्हटलं, "आबाजी, उद्या पाहा तुमी. सारा मांडव तुमच्या हाताकडं पाहीन."

"कोनी नाही पाहनार."

"ताईनं शब्द देला हाय."

"शब्द पोरीचा हाय. लग्न काय पोरीच्या हातात राह्यते?"

"लावा शर्त!"

म्हातारा माझ्याकडं असा वळला की मला वाटलं आता टप्प. पण नाही. "लावली. हारली तं मी सांगीन ते कराचं, काहून म्हनून इचाराचं नाही. आन् मी हारलो तं?"

"तं एक दिवस घड्याळाले मी चावी देईन."

त्या घड्याळाला त्यांच्याशिवाय कोणी चावी दिलेली नाही. त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. "बरं. तसंही तू हारतेच."

लग्न यवतमाळला, धामणगाव रोडवरच्या एका लॉनवर. मुहूर्त सव्वाबाराचा. आणि नवल म्हणजे वरात वेळेवर आली, कारण संध्याकाळी त्याच लॉनवर दुसरं लग्न होतं आणि लॉनचा मॅनेजर सकाळपासून "चला, आटपा, आटपा" करत बकऱ्या हाकल्यासारखा सगळ्यांना हाकत होता.

नवरदेवाच्या भाड्याच्या शेरवानीवर सोनेरी साखळी, साखळीला घड्याळ. आजकाल तसा लूक चालू आहे. आबाजींनी ते वाकून पाहिलं. "बंद हाय."

"डमी आहे आजोबा," नवरदेव म्हणाला. "काटे छापलेले असतात."

तेवढ्यात फोटोग्राफरची नजर आबाजींच्या घड्याळावर पडली. हा माणूस प्रत्येक वाक्य झूम केल्यासारखं बोलतो, आधी बारीक, मग मोठं: "ओ आजोबा... ओरिजनल? अरे, व्हिंटेज! व्हिंटेज!! दोन मिनिटं द्या, फक्त दोन मिनिटं!" ताईनंही हात जोडले. घड्याळ गेलं. गुलाबाच्या पाकळ्यांवर ठेवलं, काचेवर दोघांच्या अंगठ्या ठेवल्या, वरून फोटो, बाजूनं फोटो, व्हिडिओ. किती वाजले ते अंगठ्यांखाली झाकलं गेलं होतं. आबाजी तिथंच तळहात पसरून उभे, परत मिळेपर्यंत.

अंतरपाट धरला. आबाजी उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले. डाव्या तळहातावर घड्याळ, उजवा हात वर. महाराजांनी त्यांच्याकडं पाहून मान हलवली, मला बरं वाटलं. भाड्यानं आणलेली गायिका मंगलाष्टकं म्हणत होती. गावची मंडळी पुढं होती, बबिताकाकूही होती, आणि मी शप्पथ सांगते, दोन-चार जण खरंच त्या हाताकडं पाहत होते.

मग ड्रोन उडवणारा मागून ओरडला, "भाऊ, बॅटरी चालली! बॅटरी!"

फोटोग्राफरनं निवेदकाला खूण केली. निवेदक म्हणजे आवाजात तूप आणि माइकवर इको. "चला मंडळी, तो क्षण आलेला आहे... आहे... आहे! रेडी? वन... टू... थ्री!"

दोन्ही बाजूंनी आगीचे फवारे सुटले. मशीनमधून पाकळ्या उडाल्या, डीजे दणाणला, अंतरपाट खेचला गेला. ज्यांच्या मुठीत अक्षता होत्या त्यांनी टाकल्या, उरलेल्यांचे हात मोबाइलमध्ये होते. मुहूर्त अजून आलेला नव्हता. आबाजींचा हात वरच होता.

ताईनं धुरातून एकदा त्यांच्याकडं पाहिलं. पाहिलं, हे मी सांगते. मग "मॅडम, इकडं, स्माइल" झालं आणि ती वळली.

हात वरच. लोक जेवणाकडं निघाले. एक वाढपी ट्रे घेऊन जाता जाता थांबला. त्याला वाटलं म्हातारा बोलावतोय. "आजोबा, पाणी पाहिजे का?" आबाजी घड्याळावरून डोळे उचलेनात. तो खांदे उडवून गेला.

आणि मग, सगळं संपल्यावर, सव्वाबाराला हात खाली आला. "आता," ते म्हणाले. कोणाला म्हणाले, माहीत नाही. मग मला म्हणाले, "हारली तू."

"हो."

त्यांनी कोटाच्या त्या नव्या खिशात बोटं घातली आणि होत्या तेवढ्या अक्षता काढून माझ्या हातावर ठेवल्या. "जाय. पोरीवर टाक. आत्ताच."

काहून म्हणून विचारायचं नव्हतं. मी स्टेजवर चढले. ताई आणि दाजी कपाळाला कपाळ लावून पोज देत होते. मी मूठ उघडली आणि दोघांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

"ओ ताई... फ्रेम! फ्रेम खराब केली ना!!"

ताई केसांतले तांदूळ वेचत म्हणाली, "काय गं प्रेरणा, झालं ना ते मघाशीच!"

हे नवरदेवाच्या मोठ्या आत्यानं पाहिलं. या बाईचे डोळे बारीक आणि शब्द वजन करून ठेवल्यासारखे. तिनं माझ्याकडं पाहिलं, खाली उभ्या आबाजींकडं पाहिलं, त्यांच्या हातातल्या घड्याळाकडं पाहिलं, आणि पदर खोचून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही घड्याळ धरून होते नं? ह्या पोरीनं अक्षता आत्ता काहून टाकल्या? खरं सांगा बरं बुवा. आमच्या पोराचा मुहूर्त साधला का नाही?"

आजूबाजूचे सगळे वळले. अमरकाका सरबताचा गिलास धरून तिथंच होता. गिलास तोंडाला लागेना, खाली जाईना. बबिताकाकूही पुढं सरकली. आबाजींनी एकच शब्द बोलायचा होता. घड्याळ खरं, अख्खा लॉन खोटा. इतक्या वर्षांचं सगळं तिथल्या तिथं फिटलं असतं, आणि या वेळी शब्द खराच होता.

त्यांनी घड्याळ बघितलंसुद्धा नाही. "साधला बाई. बरोब्बर साधला. ही पोट्टी येडी हाय. हिले उशिरा आठवन झाली."

आत्यानं माझ्याकडं वेडीकडं पाहतात तसं पाहिलं, दोन बोटं कानशिलाजवळ फिरवली आणि जेवायला गेली. अमरकाकानं गिलास एका दमात रिकामा केला. मला वाटलं आता बापाजवळ जाईल. तो केटररकडं गेला.

आबाजी न जेवता निघाले. मी त्यांना गेटवर गाठलं, ते ऑटोची वाट पाहत होते. मला रडू येत होतं आणि रागही. "आबाजी, आज तं तुमचं घड्याळ खरं होतं! सांगाचं ना! आन् मले चारचौघांत येडी काहून केलं?"

"शर्त कोन हारलं?"

"मी."

"मंग?" ऑटो थांबला तसे ते वाकून आत बसले. "हारल्यावर बोलाचं नसते. मी कुठं बोललो?"